एमडी बंद झाल्यानंतरचे नव्वद दिवस

"चार दिवस झाले, नुसता झोपतोय. म्हणजे बरा होतोय ना?" एमडी या अमली पदार्थाचं व्यसन लागलेल्या रुग्णाला दाखल केलं की घरचे पहिला प्रश्न हा विचारतात. पंधरा दिवसांनी तेच विचारतात, "आता घेत नाही, जेवतो, मग दिवसभर भिंतीकडे बघत का बसतो? आळशी झालाय का?" आणि महिन्याने गाल भरलेला, दाढी केलेला, हसून बोलणारा मुलगा पाहिला की म्हणतात, "आता घरी न्यायला काय हरकत आहे?" व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचा बराच वेळ या तीन प्रश्नांना उत्तरं देण्यात जातो. तिन्ही वेळा डोळ्यांना दिसतं ते एक असतं आणि मेंदूत चालू असतं ते दुसरं. दाखल झाल्यापासून साधारण तीन महिने काय घडतं, कुठे चुकतं आणि का चुकतं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत.

आधी पुडीतल्या पदार्थाविषयी. एमडी म्हणजे मेफेड्रोन, रस्त्यावरचं दुसरं नाव म्याऊ म्याऊ. अनेक पालक, आणि काही वेळा डॉक्टरसुद्धा, त्याला एमडीएमए म्हणजे एक्स्टसी समजतात. दोन्ही वेगळे पदार्थ आहेत. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये 'खात' नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्या पानांतल्या कॅथिनोन या द्रव्याचा मेफेड्रोन हा कारखान्यात बनवलेला भाऊबंद. तो पहिल्यांदा तयार झाला १९२९ साली आणि पुढे सत्तरेक वर्षं कागदातच राहिला. २००३च्या सुमारास इंटरनेटवरून त्याची कृती पुन्हा फिरू लागली. ब्रिटनने एप्रिल २०१०मध्ये त्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०१५मध्ये तो एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आला. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत छापा घातला, तेव्हा हा माल आपल्या उंबऱ्याशी बनतो हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. अर्थात पुडीवर 'एमडी' म्हटलं म्हणून आत मेफेड्रोनच असेल याची खात्री कुणालाच नसते, विकणाऱ्यालाही नसते.

मेंदूत काय होतं ते घरच्यांना समजावताना आम्ही विहिरीवरच्या मोटरीचं उदाहरण देतो. दोन चेतापेशींमध्ये एक अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामिन हे निरोप नेणारं रसायन सोडते, पलीकडची पेशी ते टिपते आणि निरोप पोचतो. निरोप पोचला की पहिल्या पेशीच्या भिंतीतली मोटर उरलेलं डोपामिन आत ओढून घेते, पुन्हा वापरण्यासाठी. सेरोटोनिन आणि नॉरएड्रिनॅलिन या निरोप नेणाऱ्या दुसऱ्या रसायनांचीही अशीच वेगळी मोटर असते. कोकेन ही मोटर नुसती अडवतं, त्यामुळे सोडलेलं डोपामिन फटीत साचून राहतं. मेफेड्रोन त्याच्या पुढे जातं. ते मोटरीतूनच पेशीच्या आत शिरतं आणि मोटर उलटी फिरवतं. आत साठवलेलं डोपामिन, निरोप असो वा नसो, बाहेर उपसलं जातं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मेंदूत, सुखाची नोंद जिथे होते त्या भागात, मेफेड्रोन दिल्यावर डोपामिन मूळ पातळीच्या सुमारे पाचपट आणि सेरोटोनिन नऊपटींहून जास्त झालेलं मोजलं गेलं आहे. डोपामिनमुळे 'हे पुन्हा हवं' ही नोंद खोल कोरली जाते. सेरोटोनिनमुळे माया दाटून येते आणि परका माणूस जवळचा वाटू लागतो. नॉरएड्रिनॅलिनमुळे छाती धडधडते, घाम फुटतो, जबडा आवळला जातो.

मोटर उलटी फिरते तो वेळ मात्र थोडा असतो. नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत अंमल चढतो आणि तासाभरात उतरू लागतो. रक्तातलं मेफेड्रोन साधारण दोन तासांत निम्मं होतं. उतार जितका झपाट्याचा, तितकी पुढच्या लाइनची घाई, आणि म्हणून एका रात्रीत पुडीमागून पुडी संपते. 'आज थोडंच घेईन' हे वाक्य टिकत नाही ते पदार्थाच्या या चालीमुळे. त्याला नुसता स्वभावाचा दोष म्हणून घरचे मोकळे होतात, तेव्हा उपचाराची पहिली पायरीच चुकते. शिवाय यकृतातल्या ज्या एन्झाइमने मेफेड्रोन मोडतं, ते सगळ्यांत सारख्या जोराने चालत नाही. मित्राला सोसलं तेवढंच दुसऱ्याला आयसीयूत नेऊ शकतं. एचआयव्हीच्या उपचारातली रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट ही औषधं या मोडण्याच्या कामात अडथळा आणतात. म्हणून दाखल करताना आम्ही चालू असलेली प्रत्येक गोळी विचारतो, शरीरसंबंधांच्या वेळी एमडी घेतलं जातं का तेही विचारतो, सुई वापरली का तेही विचारतो. हे प्रश्न नातेवाइकांसमोर विचारले तर उत्तर खोटं येणार. पाच मिनिटं एकट्याशी बोलायला मिळालंच पाहिजे. सुईचा वापर असेल तर एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि हेपटायटिस सी, तिन्ही तपासण्या करायच्या.

लघवीच्या तपासणीत हमखास घोळ होतो. बाजारातल्या सहा पट्ट्यांच्या किटमध्ये अँफेटामिनची पट्टी असते, पण ती मेफेड्रोन भरवशाने पकडत नाही. घरी किट आणून, निकाल 'निगेटिव्ह' पाहून निर्धास्त झालेले पालक आम्हाला वारंवार भेटतात. मेफेड्रोनसाठी वेगळी पट्टी लागते किंवा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तोही शेवटच्या सेवनानंतर दोन-तीन दिवसांच्या आत. नमुना घेतल्यावर चार मिनिटांत त्याचं तापमान बघायचं. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या बाहेर असेल तर नमुना बदललेला किंवा पाणी मिसळलेला आहे असं धरायचं.

काही लक्षणं असली तर व्यसनमुक्ती केंद्राचा विचारही करायचा नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं: छातीत दुखणं, फिट येणं, अंग १०२ फॅरनहाइटच्या वर तापणं, न थांबणारी उलटी आणि गोंधळलेपण. हा ताप स्नायूंच्या अतिहालचालीतून येतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. कपडे सैल करून ओली चादर, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, असा उपाय करावा लागतो. चार माणसांनी दाबून धरलं की स्नायू आणखी झगडतात आणि ताप चढतो. तिथे लोराझेपामसारखं शांत करणारं औषध आधी लागतं. छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना एमडीचं खरं सांगाच, कारण एरवी सर्रास दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं अशा वेळी टाळतात. आणखी एक घरगुती चूक: "भरपूर पाणी पाज, विष उतरेल." सेरोटोनिन उसळलं की शरीर एक संप्रेरक सोडतं, आणि त्याने मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकणं थांबवतात. घामावाटे मीठ गेलेलं असतंच. वर तांब्याने पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. १२५च्या खाली गेलं की फिट आणि मेंदूला सूज हा खरा धोका.

आता त्या झोपेकडे. गर्द म्हणजे ब्राउन शुगर सोडताना टर्की लागते, अंग मोडून निघतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एमडीची टर्की तशी दिसत नाही. ती गाढ झोपेसारखी दिसते. दोन-तीन रात्री जागलेला, काहीच न खाल्लेला माणूस एक ते तीन दिवस झोपतो, मधे उठून अधाशासारखा खातो, पुन्हा झोपतो. मेंदूतला साठा उपसून संपलेला आहे आणि नवा हळूहळू तयार होतो आहे, असा तो काळ. झोपू द्यायचं, पण नजर ठेवून. दर दोन तासांनी हाक मारून जागं करायचं, कुशीवर वळवायचं, श्वास मोजायचे. उतार सोसत नाही म्हणून बऱ्याच जणांनी शेवटी दारू, अल्प्राझोलाम, नायट्राझेपामच्या 'बटन' गोळ्या किंवा खोकल्याचं औषध घेतलेलं असतं. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, निळसर ओठ, हाकेला ओ नाही, अशा वेळी तो झोपलेला नसून बुडत चाललेला असतो. रोजची दारू असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास आणि फिट दारू तुटल्यामुळेही येऊ शकतात, म्हणून दारूचा हिशेब आधीच घ्यायचा आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व सुरू करायचं.

खाण्यातही घाई नको. पाच दिवसांहून जास्त पोटात नीट अन्न गेलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी पोटभर भात-मटण देऊ नये. एकदम साखर मिळाली की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पेज, मुगाची खिचडी, केळं, ताक असं थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा.

काही जण झोपेऐवजी संशय घेऊन येतात. खिडकीवर चादर बांधलेली, मोबाइलची बॅटरी काढून ठेवलेली, कातडीखाली किडे फिरतात म्हणून हात ओरबाडलेले. डोपामिनचं एक काम 'हे महत्त्वाचं, इकडे लक्ष दे' असा शिक्का मारण्याचं आहे. ते नको तेवढं सांडलं की गल्लीतल्या बाइकच्या दिव्यावर, शेजाऱ्यांच्या हसण्यावर, पाण्याच्या टाकीच्या आवाजावर, सगळ्यांवर तो शिक्का बसतो आणि मेंदू त्यांची एक गोष्ट रचतो: माझ्यावर पाळत आहे. "अरे, असं काही नाही" हे त्याला शंभरदा सांगून उपयोग नाही, भांडण मात्र होतं. "तुला भीती वाटतेय ते दिसतंय, इथे दार आम्ही सांभाळतोय," एवढंच म्हणायचं. खोलीत उजेड मंद ठेवायचा, माणसं कमी, टीव्ही बंद. डॉक्टर कमी मात्रेत ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन देतात. बहुतेकांचा संशय काही दिवसांत ते दोन आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही राहिला तर निव्वळ एमडीचा परिणाम न मानता स्वतंत्र मानसिक आजाराची तपासणी करावी लागते. संशयात असताना बाप-लेक एकाच खोलीत झोपवू नयेत. ज्याची भीती वाटते, त्याच्यावर हात उचलला जातो.

झोप संपते तिथून पुढचा आठवडा आम्हाला सगळ्यात जास्त धास्तीचा वाटतो. माणूस जागा असतो, डोकं चालू असतं, घातलेले घोळ एकेक आठवत असतात, आणि मनाला उभारी देणारी रसायनं तळाला गेलेली असतात. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट, त्याच शब्दांत, रोज विचारायचं. विचारल्याने विचार मनात घातला जात नाही. पट्टा, नाडी, चार्जरची वायर, ब्लेड, गोळ्यांची पाकिटं खोलीबाहेर. घरी असाल तर औषधं एकाच मोठ्या माणसाच्या ताब्यात, आणि हातात एका वेळी एकच डोस. याच आठवड्यात "तुझ्यामुळे आम्ही कर्जात बुडालो" हा हिशेब काढला जातो. तो हिशेब खराच असतो, पण तीन आठवडे थांबा.

दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीकडे बघणं सुरू होतं. मोटर बरेच महिने उलटी फिरली की पलीकडची पेशी डोपामिन टिपणाऱ्या जागा कमी करून स्वतःला वाचवते. पूर आल्यावर खिडक्या लावून घ्याव्यात तसं. पूर ओसरला तरी खिडक्या लगेच उघडत नाहीत. मग आईच्या हातची आमटी, क्रिकेटचा सामना, भाचीचं बोबडं बोलणं, यातलं काहीच आत पोचत नाही. आळसाशी त्याचा संबंध नाही. लक्ष टिकत नाही, ऐकलेलं विसरतं, म्हणून या काळात आम्ही समुपदेशनाची बैठक वीस मिनिटांपेक्षा लांबवत नाही आणि ठरलेलं प्रत्येक काम त्याच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून घेतो. तासभराचं व्याख्यान या अवस्थेत वाया जातं. हे मान्य करायला आमच्याच क्षेत्रातल्या लोकांना जड जातं, पण ते खरं आहे.

मेंदू कायमचा जळाला का, हे सगळे विचारतात. उंदरांवरच्या प्रयोगांत एकट्या मेफेड्रोनने डोपामिनच्या तंतूंची टोकं मेली नाहीत; मेथअँफेटामिन या दुसऱ्या उत्तेजक पदार्थाने ती मरतात. पण मेथअँफेटामिनबरोबर दिल्यावर त्याची इजा मेफेड्रोनने वाढवली, आणि पुडीत भेसळ असतेच. माणसांवरचा दीर्घकाळचा अभ्यास मेथअँफेटामिनवर जास्त झाला आहे. त्यात वर्ष-सव्वा वर्ष पूर्ण बंद ठेवलेल्यांच्या मेंदूत डोपामिनच्या मोटरी बऱ्याच प्रमाणात परत आलेल्या दिसल्या, स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तेवढ्या सुधारल्या नाहीत. आणखी एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम केलेल्यांमध्ये डोपामिन टिपणाऱ्या जागा वाढलेल्या आढळल्या. म्हणून सकाळचं चालणं आमच्याकडे ऐच्छिक नाही. पहिल्या दिवशी वॉर्डाभोवती दोन फेऱ्या झाल्या तरी त्या मोजतो.

औषधांबद्दल स्पष्ट सांगतो: एमडीची ओढ मारणारी मान्यताप्राप्त गोळी आज नाही. 'सात दिवसांत व्यसन बंद' अशी पावडर गुपचूप आमटीत घालणाऱ्यांनी ती आधी फेकून द्यावी. मिर्टाझापिन रात्री झोपेला आणि भुकेला मदत करतं, आणि मेथअँफेटामिनच्या रुग्णांमध्ये वापर कमी झाल्याचेही पुरावे आहेत. नाल्ट्रेक्सोनचं लांब चालणारं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या जोडीचा २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास मेथअँफेटामिनवरचाच. त्यात १३.६ टक्क्यांना गुण आला, औषधाविना फक्त २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण शंभरातल्या शहाऐंशींना त्याने भागलं नाही, हेही तितकंच खरं. उदासीवरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या पुडी चालू असताना किंवा नुकतीच घेतलेली असताना सुरू करू नयेत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, हेही त्याच यादीत. सेरोटोनिन दोन्हीकडून वाढलं की अंग ताठणं, थरथर आणि तीव्र ताप येऊ शकतो.

सगळ्यात चांगला पुरावा ज्या उपायाला आहे तो अगदी साधा दिसतो: स्वच्छ नमुन्यागणिक लगेच हातात पडणारं छोटं बक्षीस. आठवड्यातून दोनदा तपासणी, निकाल स्वच्छ आला की त्याच क्षणी मोबाइलचा रिचार्ज किंवा बसचा पास, आणि सलग स्वच्छ राहिल्यास रक्कम थोडी वाढती. "व्यसन न करण्याचे पैसे द्यायचे?" असा राग वडिलांना येतो. पण दूरचा फायदा ज्या मेंदूला जाणवतच नाही, त्याला आजचा छोटा फायदा जाणवतो. बक्षीस उद्यावर ढकललं की परिणाम जातो.

आणि मग महिना. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, कलम ८९खाली होणारं दाखल तीस दिवसांपर्यंतचं असतं. पुढे न्यायचं तर कलम ९० लागतं. त्यामुळे घरच्यांच्या मनात 'तीस दिवस म्हणजे कोर्स पूर्ण' असं बसतं. तलफ मात्र सरळ उतरत जात नाही. मेथअँफेटामिन सोडलेल्यांमध्ये खुणा पाहून पेटणारी तलफ पहिल्या आठवड्यांपेक्षा तिसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक आढळली आणि त्यानंतर उतरली. एमडीतही आम्ही तेच बघतो. चेहरा टवटवीत, वजन वाढलेलं, घरच्यांचा पहारा सैल, आणि नेमका त्याच वेळी मेंदू सगळ्यात जास्त हुळहुळा. खुणा क्षुल्लक वाटतात: झिपची छोटी प्लास्टिक पिशवी, पार्टीतलं एखादं गाणं, पगाराचा मेसेज, शनिवारी रात्री अकराची वेळ, दारू. एमडीवाल्याची दारू 'चालेल' म्हणणारे नातेवाईक भेटतात. चालत नाही, कारण दोन पेगनंतर फोन उचलला जातो.

म्हणून सुटीच्या आधी वहीत या गोष्टी ठरतात: नवा नंबर, जुने संपर्क आमच्यासमोर काढून टाकलेले, यूपीआयची दिवसाची मर्यादा पाचशे रुपये, पगार तीन महिने बहिणीच्या किंवा आईच्या खात्यात, शनिवारची रात्र कोणाकडे. तलफ उठली की ती साधारण अर्ध्या तासात वर जाऊन उतरते. तेवढा वेळ कोणाला फोन करायचा, ती तीन नावं. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीच्या तारखा जास्त जवळ जवळ ठेवतो, कमी नाही.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, कमी प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. जवळचं केंद्र कोणतं हे १४४४६ या मोफत क्रमांकावर कळतं. मन खचलं असेल तर टेली मानस, १४४१६.

एवढं करूनही एखाद्या रात्री घसरण होते. त्या रात्री भांडू नका, शिक्षा म्हणून घराबाहेर काढू नका. काय, किती, कशातून घेतलं आणि सोबत काय घेतलं, एवढं वहीत लिहा, छाती, ताप आणि श्वास बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत घेऊन या. पूर्वीइतक्याच मात्रेचा परिणाम आता जास्त जोराचा होतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पहिले चोवीस तास एकटं सोडायचं नाही. येताना जुनी वही आणा. बक्षिसाची रक्कम पहिल्या पायरीवर येते, पण त्या वहीतले आधीचे चाळीस किंवा साठ स्वच्छ दिवस आम्ही खोडत नाही. पुढची तारीख त्याच पानावर लिहितो.